‘सर्व्हर डाऊन’ आहे की क्वेरीच अडकली आहे?

जूनचा पहिला आठवडा. नागपुरातलं एक सेवा केंद्र. बाहेर ऊन, आत एक पंखा आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, नॉन-क्रिमीलेअरसाठी थांबलेली पंचवीस-तीस माणसं.

“काकाजी, सर्व्हर स्लो आहे. जेवून या,” ऑपरेटर सांगतो. कुही तालुक्यातून सकाळच्या एसटीने आलेले काकाजी जेवून येतात. साडेतीन वाजता पुन्हा तेच उत्तर. त्यांची दिवसाची मजुरी गेली आणि मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रं देण्याची मुदत आणखी एक दिवस जवळ आली.

मी तिथे बातमीसाठी गेले होते. बातमी लागली ती नेहमीसारखीच, ‘सर्व्हर डाऊन, नागरिक त्रस्त’. आमच्या डेस्कवर ही हेडलाइन इतक्या वेळा होते की ‘सर्व्हर’ टाइप केलं की कीबोर्डच पुढे ‘डाऊन’ सुचवतो. पत्रकारितेत येण्याआधी मी दोन वर्षं डेटाबेसवर काम केलं आहे, त्यामुळे ही हेडलाइन मला खटकते. कारण बहुतेक वेळा सर्व्हर ‘डाऊन’ नसतो. तो घाम गाळत असतो, फक्त नको ते काम करत असतो. त्याला ते काम दिलेलं असतं कुणीतरी लिहिलेल्या वाईट क्वेरीने.

मला वाटतं, आपण चुकीच्या ठिकाणी भांडतोय. नवा सर्व्हर मागतोय, जास्त क्षमता मागतोय. खरं तर आधी क्वेरी दाखवा, असं म्हणायला हवं.

गर्दी दारात असते की काउंटरवर?

गेल्या दोन वर्षांतले प्रसंग आठवा. २१ मे २०२५ रोजी अकरावीची ऑनलाइन प्रवेश नोंदणी राज्यभरासाठी पहिल्यांदाच एकत्र सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं. नोंदणी पुन्हा सुरू व्हायला २६ मे उजाडला. ‘लाडकी बहीण’ योजनेत २०२५ मध्ये दोन कोटींहून अधिक महिला होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झालं, ते रखडत गेलं आणि मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. राज्यात सुमारे ४४ हजार गावं आहेत आणि सातबाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या घरात आहे. कर्जाच्या हंगामात सातबारा उघडत नाही, ही विदर्भातल्या शेतकऱ्याची दरवर्षीची तक्रार.

या सगळ्यांमागे एकच कारण असतं असं नाही. ई-केवायसीमध्ये आधारचा ओटीपी लागतो. तो मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून येतो, तिथेही अडतो. कधी खरोखरच वीज जाते, केबल तुटते. पण दर वेळी दिलं जाणारं ‘एकाच वेळी जास्त लोक आले’ हे स्पष्टीकरण अर्धवट आहे. लोक किती आले हा अर्धा हिशेब. एकेकाला काउंटरवर किती वेळ लागला हा उरलेला अर्धा.

हिशेब सोपा आहे. समजा सेकंदाला ५०० विनंत्या येतात. प्रत्येक विनंतीला डेटाबेसकडून उत्तर यायला २ सेकंद लागले, तर कुठल्याही क्षणी १,००० विनंत्या आत उभ्या असतात. तेच उत्तर ०.०२ सेकंदात आलं, तर आत उभ्या असतात फक्त १०. लोक तेवढेच, यंत्र तेच.

आता यात एक गोष्ट मिळवा. मायक्रोसॉफ्टच्या ‘डॉट नेट’वर बांधलेल्या ॲपमध्ये, कुणी मुद्दाम बदललं नसेल तर, डेटाबेसकडे एका वेळी १०० जोडण्याच उघडता येतात. एकशेएकावा माणूस १५ सेकंद वाट पाहतो आणि त्याला एरर दिसते. दहा माणसांच्या वेळी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. हजार झाली की पान कोरं पडतं. मग लोक रिफ्रेश दाबतात, म्हणजे त्याच रांगेत दुसऱ्यांदा उभे राहतात. अकरावीच्या फॉर्मवर घरातले तीन फोन एकाच वेळी लागलेले असतात, हे आपल्याला माहीत आहेच.

स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे काय?

सरकारी आणि बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसला दर वेळी नव्याने प्रश्न विचारत नाहीत. प्रश्नांची एक ठरलेली मालिका लिहून डेटाबेसमध्येच ठेवतात आणि गरज पडली की तिला नावाने हाक मारतात. ‘या खातेदाराचा उतारा दे’, ‘या शाखेची थकबाकी काढ’. हीच स्टोअर्ड प्रोसिजर. फायदे खरे आहेत. नियम एकाच जागी राहतात, ॲप आणि डेटाबेस यांच्यातल्या फेऱ्या वाचतात, कुणाला काय पाहता येईल यावर ताबा राहतो.

डेटाबेसची गंमत अशी की तुम्ही त्याला ‘काय हवं’ ते सांगता, ‘कसं शोधायचं’ ते तो स्वतः ठरवतो. हे ठरवणाऱ्या भागाला ऑप्टिमायझर म्हणतात. खर्चाचा अंदाज बांधून सगळ्यात स्वस्त वाट निवडायची ही पद्धत आयबीएमच्या संशोधक पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडली. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस त्याच विचारावर चालतात. निवडलेल्या वाटेला ‘प्लॅन’ म्हणतात. प्लॅन बनवायलाही वेळ जातो, म्हणून एकदा बनवलेला प्लॅन डेटाबेस जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तोच वापरतो.

मला या क्षेत्रातला पहिला मोठा धडा मिळाला तो याच जपून ठेवलेल्या प्लॅनमुळे.

एका पतसंस्थेची गोष्ट

मी शहरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. आमचं सॉफ्टवेअर एका पतसंस्थेत चालायचं. मुख्य शाखा बाजारपेठेत, खाती लाखाच्या पुढे. बाकीच्या शाखा तालुक्यांना, काहींत जेमतेम हजार खाती. महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक शाखा थकबाकीचा अहवाल काढायची. प्रोसिजर एकच, शाखेचा क्रमांक तेवढा बदलायचा.

काही महिने अहवाल दहा-बारा सेकंदांत यायचा. काही महिने मुख्य शाखेत चाळीस मिनिटं चक्र फिरत राहायचं. कोड तोच, यंत्र तेच, माहितीत फारसा फरक नाही. मुख्य शाखेचे व्यवस्थापक फोनवर म्हणायचे, “मॅडम, सर्व्हर रिस्टार्ट करा, मग होते.” आणि खरंच व्हायचं! आमच्याकडे ही जवळपास श्रद्धाच झाली होती. अमावस्येला लिंबू-मिरची बांधावी तसा एक तारखेला रिस्टार्ट.

खरी गोष्ट कळायला मला तीन महिने लागले. प्रोसिजर पहिल्यांदा चालते तेव्हा ऑप्टिमायझर त्या वेळी आलेला शाखा क्रमांक बघतो आणि त्याच्या मापाने प्लॅन बनवतो. तालुक्याची शाखा सकाळी लवकर उघडली आणि तिने आधी अहवाल काढला, तर प्लॅन हजार खात्यांच्या मापाचा व्हायचा. इंडेक्समधून एकेक खातं शोध, मग त्याची बाकी माहिती आणायला मूळ टेबलात जा, परत ये. हजार खात्यांना ही वाट उत्तम. नंतर मुख्य शाखा आली की तिच्या लाखभर खात्यांसाठीही डेटाबेस तीच पायपीट करायचा. उलट मुख्य शाखा आधी आली, तर सगळं टेबल एका झपाट्यात वाचायचा प्लॅन व्हायचा आणि सगळ्यांचंच ठीक चालायचं.

लग्नघरी आचाऱ्याला पहिली ऑर्डर दोन माणसांच्या चहाची मिळाली, म्हणून त्याने छोटं पातेलं काढलं. आणि मग आलेल्या पाचशे वऱ्हाडींचा चहाही तो त्याच पातेल्यात, दोन-दोन कप करत उकळत बसला. असा हा प्रकार.

याला ‘पॅरामीटर स्निफिंग’ म्हणतात. पहिल्या गिऱ्हाइकाचा अंदाज घेऊन सगळ्यांची सोय करणं. बहुतेक वेळा ही पद्धत फायद्याचीच असते, माहिती सारखी वाटलेली नसली की ती उलटते. आणि आपल्याकडे सारखी वाटलेली माहिती असते कुठे? एका जिल्ह्यात नागपूर शहर असतं आणि भिवापूरही असतं.

रिस्टार्टने काम का व्हायचं, तेही उघड आहे. रिस्टार्ट केल्यावर जपून ठेवलेले प्लॅन पुसले जातात. तोवर तालुक्याच्या शाखांचे अहवाल होऊन गेलेले असायचे आणि पहिला नंबर मुख्य शाखेचा लागायचा.

यात आणखी एक चकवा होता. मी माझ्या खुर्चीत बसून हीच प्रोसिजर चालवली की ती भर्रकन यायची. ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य मी त्या काळात इतक्या वेळा बोलले की आता लाज वाटते. कारण असं की एसक्यूएल सर्व्हरचं व्यवस्थापनाचं टूल आणि आमचं ॲप एका बारीक सेटिंगमध्ये वेगळे होते. सेटिंग वेगळं असलं की डेटाबेस दोघांचे प्लॅन वेगवेगळे ठेवतो. मी माझा ताजा प्लॅन तपासत होते, अडकलेला शाखांचा होता.

शेवटी इलाज झाला एका ओळीचा. प्रोसिजरमधल्या त्या एका क्वेरीला ‘दर वेळी नवा प्लॅन बनव’ असं सांगितलं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी ‘ऑप्शन रिकंपाइल’ लिहितात. प्लॅन बनवायला काही मिलिसेकंद जास्त जातात. महिन्यातून पन्नासेक वेळा चालणाऱ्या अहवालाला ते परवडतं. सेकंदाला हजार वेळा चालणाऱ्या प्रोसिजरला हा इलाज कराल, तर प्रोसेसर प्लॅन बनवण्यातच दमून जाईल. हे लक्षात न घेता इंटरनेटवर वाचलं म्हणून प्रत्येक प्रोसिजरला रिकंपाइल लावणारे मित्रही मी पाहिले आहेत.

कंपन्यांनाही हा प्रश्न माहीत आहे. ओरॅकलने ११जी या आवृत्तीत एकाच क्वेरीसाठी परिस्थितीप्रमाणे वेगळे प्लॅन ठेवायची सोय आणली. पोस्टग्रेस आधी पाच वेळा नेमक्या मापाचा प्लॅन बनवून पाहतो आणि मगच सरसकट प्लॅन परवडेल का ते ठरवतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अशी सोय २०२२ च्या आवृत्तीत आली. पण आवृत्ती नवी घेऊन डेटाबेसचं ‘कंपॅटिबिलिटी लेव्हल’ हे सेटिंग जुनंच ठेवलं, तर ही सुधारणा लागू होत नाही. नवी गाडी घेऊन पहिल्या गिअरमध्येच चालवल्यासारखं. हे सेटिंग बदलायची भीती मी भल्याभल्या टीममध्ये पाहिली आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही. बदलल्यावर काही जुन्या क्वेरी बिघडूही शकतात. म्हणून आधी तपासून बदलायचं असतं. तपासायला वेळ कुणी देत नाही, हा खरा मुद्दा.

मराठी नावं आणि एक छुपा खड्डा

आता इंडेक्स. शब्दकोशात ‘पळस’ शोधायला आपण सगळी पानं वाचत नाही, कारण शब्द क्रमाने लावलेले असतात. डेटाबेसचा इंडेक्स तसाच. अडीच कोटी ओळींचं टेबल असेल आणि ८ केबीच्या एका पानात ४० ओळी मावत असतील, तर सगळं वाचायला सव्वासहा लाख पानं उघडावी लागतील. इंडेक्स असेल तर तीन-चार पानांत काम होतं.

पण शब्दकोशात ‘ज्याचं दुसरं अक्षर ळ आहे’ असे सगळे शब्द शोधायला सांगितले तर? क्रमाचा उपयोग संपला. आमच्या प्रोसिजरींमध्ये नेमका हाच प्रमाद जागोजागी होता. ‘ज्या नोंदीच्या तारखेचं वर्ष २०२४ आहे त्या दे’ असं लिहिलं की डेटाबेस प्रत्येक ओळीची तारीख काढून तिचं वर्ष मोजत बसतो. ‘१ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंतच्या दे’ असं लिहिलं की तो थेट त्या पानावर जातो. अर्थ तोच, खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. ‘नावात कुठेही पाटील असेल ते शोध’ हा असाच महागडा प्रश्न, आणि महाराष्ट्रात तर त्याचं उत्तरही उपयोगाचं नसतं.

यापेक्षा आतला एक खड्डा खास आपल्यासारख्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतो. देवनागरी नावं नीट साठवायची तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये युनिकोडचा प्रकार वापरावा लागतो, नाहीतर ‘सुनीता’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. एकदा ती फजिती झाली की प्रोग्रामर सगळेच पॅरामीटर युनिकोड करून टाकतो. अर्ज क्रमांक, मोबाइल नंबर, सगळं. पण टेबलात अर्ज क्रमांकाचा रकाना मात्र साध्या प्रकारात असतो. दोन प्रकार जुळवायला डेटाबेस आपल्या बाजूचा रकाना, म्हणजे लाखो ओळी, बदलून बघतो. डेटाबेसमध्ये अक्षरक्रमाचं जुनं सेटिंग असेल, तर इंडेक्स असून निरुपयोगी होतो. एरर येत नाही, उत्तरही बरोबर येतं. फक्त उशिरा येतं. पॅरामीटरचा प्रकार रकान्याशी जुळवायला पाच मिनिटं लागतात. आमच्याकडे हे दोन वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

ऑप्टिमायझरचे अंदाजही शिळे असू शकतात. कुठल्या टेबलात काय आणि किती आहे, याची मोजदाद तो अधूनमधून करतो. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या हिशेबात टेबलाच्या सुमारे २० टक्के ओळी बदलल्याशिवाय आपोआप नवी मोजणी होत नव्हती. अडीच कोटी ओळींच्या टेबलात याचा अर्थ ५० लाख बदल होईपर्यंत जुन्याच अंदाजावर कारभार. २०१६ पासूनच्या हिशेबात तीच मोजणी सुमारे १ लाख ५८ हजार बदलांनंतर होते. पुन्हा तेच: कंपॅटिबिलिटीचं सेटिंग जुनं ठेवलं असेल तर हिशेबही जुनाच.

पवईत सापडलेलं उत्तर

स्टोअर्ड प्रोसिजर मंद होण्याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते वेगळंच आहे, आणि ते आपल्या शिक्षणात आहे. आम्ही आधी सी शिकतो, मग जावा. म्हणजे ‘एकेक घे, तपास, पुढे जा’ हा विचार हाडीमाशी मुरतो. मग प्रोसिजर लिहितानाही आम्ही लूप लिहितो. पन्नास हजार खाती एकेक करून उचलायची, प्रत्येकासाठी एक क्वेरी, एक हिशेब, एक नोंद. डेटाबेसच्या भाषेत याला कर्सर म्हणतात.

इतवारीच्या किराणा ओळीतून पन्नास जिन्नस आणायचे आहेत आणि तुम्ही प्रत्येक जिनसेसाठी धरमपेठेतून नवी फेरी मारता. आधी तूरडाळ, घरी. मग गूळ, घरी. कुणीही शहाणा माणूस यादी घेऊन जातो.

यंत्रालाच ही यादी करायला शिकवता येईल का, यावर मोठं काम झालं ते आपल्या महाराष्ट्रात, पवईच्या आयआयटी मुंबईत. रवींद्र गुरवन्नवार आणि प्रा. एस. सुदर्शन यांनी २००८ मध्ये एक शोधनिबंध मांडला. प्रोसिजरमधल्या लूपमध्ये पुन्हा पुन्हा चालणाऱ्या क्वेरीचं एकाच एकगठ्ठा क्वेरीत रूपांतर कसं करता येईल, हा त्याचा विषय. हे सुदर्शन म्हणजे तेच, ज्यांचं नाव डेटाबेसच्या आमच्या क्रमिक पुस्तकावर सिल्बरशॅट्झ आणि कॉर्थ यांच्यानंतर असतं. मुखपृष्ठावर शिडाच्या होड्या असलेलं ते पुस्तक कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलेल्या बहुतेकांच्या कपाटात असतं. अनेकांचं कोरंच.

सुदर्शन यांच्या गटात पीएचडी केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘फ्रॉइड’ नावाची पद्धत बांधली. प्रोसिजर आणि क्वेरींमधून वापरली जाणारी छोटी फंक्शनं, जी डेटाबेस प्रत्येक ओळीसाठी वेगळी चालवत बसायचा, ती उकलून मूळ क्वेरीतच मिसळून टाकायची, म्हणजे ऑप्टिमायझरला सगळं चित्र एकदम दिसतं. ही सोय एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये आली. खऱ्या ग्राहकांच्या कामांवर वेग दहापट, शंभरपट अशा भाषेत सांगावा लागेल इतका वाढल्याचं त्यांच्या शोधनिबंधात आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या उत्पादनातली ही सुधारणा पवईतल्या त्या विचाराच्याच वाटेवरची आहे.

आणि इथे आमच्या कॉलेजांत? आम्ही डेटाबेसचं प्रॅक्टिकल केलं ते ओरॅकलच्या नमुन्यातल्या ‘ईएमपी’ टेबलावर. १४ ओळी. सोबतच्या ‘डेप्ट’ टेबलात ४. चौदा ओळी एकाच पानात मावतात. तिथे चांगली क्वेरी आणि भिकार क्वेरी सारख्याच वेगाने धावतात. इंडेक्स बनवला तरी डेटाबेस तो वापरत नाही, आणि बरोबरच करतो. आम्ही चार वर्षांत प्लॅन उघडून पाहिला नाही. व्हायव्हात ‘नॉर्मलायझेशनचे प्रकार सांगा’ एवढंच विचारलं गेलं. असे चौदा ओळींवर तयार झालेले आम्ही थेट लाखो ओळींवर सोडले जातो. दोष पोरांचा कमी आहे. प्रॅक्टिकलमध्ये पन्नास लाख ओळींचं बनावट टेबल तयार करायला एक छोटी स्क्रिप्ट पुरते, आणि आजचा साधा लॅपटॉप ते सहज पेलतो. विद्यापीठाने एवढं जरी केलं तरी फरक पडेल.

विचारायचं काय?

सरकारी संकेतस्थळ एनआयसीच्या यंत्रणेवर चढवायचं तर सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते. चांगला नियम आहे. वेगाच्या बाबतीत मात्र निविदांमध्ये प्रोसेसर किती, मेमरी किती, एका वेळी किती वापरकर्ते, याची लांबलचक कोष्टकं असतात. चाचणी होते तीही अनेकदा जवळपास रिकाम्या टेबलांवर. दोन हजार बनावट वापरकर्ते पाचशे ओळींच्या टेबलावर सोडले की निकाल हिरवाच येणार. अकरावीसाठी १९ आणि २० मे रोजी विद्यार्थ्यांकडून फॉर्म भरण्याचा सराव करून घेतला गेला होता. सराव दोन्ही बाजूंनी हवा.

माझं म्हणणं असं: काम स्वीकारताना तीन वर्षांनी जितकी माहिती असेल तितकी बनावट माहिती आधी भरा. शहराचं माप आणि खेड्याचं माप, दोन्ही घालून सगळ्यात जास्त चालणाऱ्या वीस प्रोसिजर चालवा. त्यांचे प्लॅन फाइलला जोडा. सुरू झाल्यानंतर दर महिन्याला सगळ्यात मंद दहा क्वेरींची यादी विभागाकडे गेली पाहिजे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून ‘क्वेरी स्टोअर’ नावाची सोय आहे, पोस्टग्रेसमध्येही तशी नोंद ठेवणारी जोड आहे. वेगळे पैसे लागत नाहीत, चालू करावं लागतं.

यावर ‘इतका वेळ कुणाकडे आहे’ असं उत्तर मिळेल. मीही ते दिलं आहे. डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असते, क्वेरी बरोबर उत्तर देते आहे ना, मग पुढे चला. आणि वेग अडलाच तर सगळीकडे ‘नोलॉक’ लिहून टाकायचं, ही आमच्या धंद्यातली वाईट सवय. त्याने क्वेरी दुसऱ्याची वाट पाहायची थांबते खरी, पण अर्धवट झालेला व्यवहारही वाचते. काही ओळी गळू शकतात, काही दोनदा मोजल्या जाऊ शकतात. खातेदाराच्या शिल्लक रकमेवर हा प्रयोग करणं मला कधीच पटलं नाही. आमच्या टीममध्ये या एका मुद्द्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

मोठं यंत्र कधीच नको, असंही मी म्हणत नाही. सगळ्या क्वेरी नीट असूनही लोक वाढले तर क्षमता वाढवावीच लागते. पण चाळीस मिनिटांची क्वेरी दुप्पट ताकदीच्या यंत्रावर फार तर वीस मिनिटांची होते. व्यवस्थापकांना ती दहा सेकंदांत हवी असते.

पतसंस्थेच्या त्या अहवालाचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही ती एक ओळ बदलली तो गुरुवार होता. पुढच्या एक तारखेला मुख्य शाखेचा अहवाल अकरा सेकंदांत आला. पण तोवर संचालक मंडळाने नव्या सर्व्हरची खरेदी मंजूर केली होती आणि मधल्या सोमवारी तो येऊन बसलाही होता. त्याला हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. वार्षिक अहवालात त्या फोटोखाली छापलं होतं, ‘नवीन सर्व्हरमुळे कामकाज गतिमान’. फोटोत कडेला मी पण आहे, हातात पेढ्याचा बॉक्स घेऊन.